कानपिळीचा कुर्ता

माझ्या भावोजींचे कान मोठे आहेत. ते ताईला बघायला आले त्याच दिवशी स्वयंपाकघराच्या दाराआडून मी हे हेरून ठेवलं होतं. पोह्यांच्या रिकाम्या बशा ठेवायला ताई स्वयंपाकघरात आली, तेव्हा मी तिला हळूच म्हणालो, "पकडायला सोपे आहेत." तिने मला कोपराने ढोसलं आणि हसू दाबत बाहेर गेली. बाबांना वाटलं, मुलगा पसंत पडला म्हणून हसतेय. ते खरंही होतं, पण हसण्याचं कारण कान होतं.

कानांची ही गोष्ट फार जुनी आहे. मी दुसरीत होतो, ताई सहावीत. आमच्या शेजारच्या वाडीत लग्न होतं आणि तिथे मी पहिल्यांदा कानपिळी पाहिली. लाजाहोमाच्या वेळी नवरीचा भाऊ पुढे आला, बहिणीच्या ओंजळीत लाह्या घातल्या आणि नवरदेवाचा कान धरून पिळला. माझ्या बहिणीला नीट सांभाळ, नाहीतर माझ्याशी गाठ आहे, एवढाच त्याचा अर्थ. सगळे हसले. नवऱ्याकडच्यांनी त्या मुलाला पोशाख दिला: शर्टपीस, पँटपीस, टॉवेल आणि टोपी. मी घरी आलो आणि पडवीत पालथा पडून रडायला लागलो, की मलाही कान पिळायचाय. आई म्हणाली, "तो भावाने पिळायचा असतो." मी म्हणालो, मग मी पिळेन. "तू कुठे भाऊ आहेस?" असं तिने अगदी सहज विचारलं. मी आणखी मोठ्याने भोकाड पसरलं. तेव्हा ताई, जी एका बाजूला बसून सुपारीची सालं काढत होती, म्हणाली, "माझ्या नवऱ्याचा पिळ. जोरात पिळ. लाल झाला पाहिजे."

तो करार आम्ही दोघांनी कधी मोडला नाही. कॉलेजात ताईला कुणी आवडला की मी विचारायचो, "कान कसे आहेत?" ती सांगायची, "बारीक आहेत, तुझ्या चिमटीत येणार नाहीत," म्हणजे प्रकरण मिटलं असं समजायचं.

माझ्या जन्माच्या वेळी मुलगी झाली असं सांगितलं गेलं आणि कागदोपत्री आजही तसंच आहे. मी मुलगी नाही हे मला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक होतं. मुलगाही नाही, हे कळायला मात्र बरीच वर्षं गेली. लिहिताना मी 'गेलो', 'आलो' लिहितो, कारण काहीतरी एक लिहावंच लागतं. त्यावरून कुणी मला भाऊ समजायचं कारण नाही. मला भाऊ व्हायचं नव्हतं. मला ताईच्या नवऱ्याचा कान पिळायचा होता.

आईला माझं नाव काय ठेवायचं ते कळलं नसेल, पण कपडे कळले होते. एका गणपतीत तिने आम्हा दोघींसाठी म्हणून एकाच तागातले दोन फ्रॉक शिवले. मी फ्रॉक घालायला नकार दिला. बाबांनी धपाटा घातला, मावशीने लाडूचं आमिष दाखवलं, मी हलत नव्हतो. आरतीला माणसं जमायला लागली. आईने चुलतभावाचा जुना पांढरा शर्ट काढला, तिच्या फाटलेल्या साडीचा एक काठ कात्रीने कापला आणि खिशावर आणि बाह्यांच्या कडेला शिवून दिला. मशीनवर दहा मिनिटांचं काम. "घे, आता सणाचा झाला," म्हणाली. त्या शर्टात मी आरतीला उभा राहिलो, टाळ वाजवले, आणि मला आठवतं की त्या दिवशी मला माझ्या अंगाची लाज वाटली नव्हती. शर्ट आखूड झाल्यावरही मी तो टाकू दिला नाही.

मी एकोणीस वर्षांचा असताना आई गेली. तिच्या साड्या ताईकडे आल्या, मोत्याच्या कुड्या माझ्याकडे. त्या मी रोज घालतो. मला शर्ट आवडतो, कुड्या आवडतात, साडीचा काठ आवडतो, साडी आवडत नाही. यात न समजण्यासारखं काय आहे ते मला आजवर उमगलेलं नाही. माणूस मासे खातो आणि मटण खात नाही म्हणाला, तर त्याच्यासाठी कुणी घरात बैठक बसवत नाही. माझ्या शर्टासाठी तीनदा बसली.

शिक्षण संपल्यावर मी न्हावा शेवाला एका मालवाहतुकीच्या ऑफिसात कागदपत्रांच्या कामाला लागलो आणि उरणला खोली घेतली. कंटेनरांच्या यार्डात जायचं तर सगळ्यांनाच पिवळं जाकीट आणि हेल्मेट घालावं लागतं. बाई असो, बाप्या असो, साहेब असो, लांबून सगळे सारखे. लोक त्या जाकिटाला उकाड्यामुळे शिव्या घालायचे आणि मी ते चहाच्या सुट्टीतही काढायचो नाही. गावाला जायचं असलं की करंज्याहून लाँच पकडायची, खाडी ओलांडून रेवसला उतरायचं आणि तिथून एसटीने अलिबागवरून घरी. शनिवारी संध्याकाळी मी पोचलो की ताई वाडीच्या फाटकाशी उभी असायची. ती गावातल्या शाळेत शिकवायची. दिवसभर पोरांवर ओरडून बसलेल्या आवाजात म्हणायची, "आलास? चल, मासे तळायचेत."

लग्न वैशाखात ठरलं. भावोजींचं घर पालीचं. सासरे देवळाजवळ राहणारे, नेमस्त, चार माणसांत उठबस असलेले. साखरपुड्याला मी मुद्दामच गेलो नाही, यार्डात काम आहे असं सांगितलं. ताई फोनवर म्हणाली, "लग्नाला असली कारणं चालणार नाहीत. काहीही घालून ये, पण तू ये." मी म्हणालो, कानाला तेल लावून ठेवायला सांग. ती हसली. त्यानंतर तिचे फोन कमी झाले. आधी एक दिवसाआड यायचा तो आठवड्याने यायला लागला, आणि त्यातही ती घाईत असायची, कुणीतरी हाक मारायचं आणि ती "नंतर बोलते" म्हणायची.

लग्नाला पंधरा दिवस असताना मावशीचा फोन आला. आई गेल्यापासून घरात बायकांकडचं सगळं मावशीच बघते. तिने आधी माझ्या जेवणाची चौकशी केली, मग घसा खाकरला.

"त्या मानसांनी इचारलंय तुझ्याबद्दल," ती म्हणाली. "कुनीतरी तुझा फोटो दाखवलाय त्यांना. नवऱ्याची आत्या बोलली, असलं ध्यान मांडवात उभं ऱ्हायलं तर चार लोक काय म्हनतील."

मी विचारलं, ताई काय म्हणते.

"ती काय म्हननार? तिला कसनुसं व्हतंय. तुला तोंडावर सांगायचं तिला जमत न्हाय, म्हनून मी सांगत्ये. तुला काय घालायचंय ते तिकडं उरनात घाल, कोन बघायला येतंय. पन एक दिस तुझ्या भनीसाठी साडी नेसलीस तर काय झिजशील का? आई असती तर तिनं पदर पसरला असता तुझ्यापुढं."

मावशी वाईट बाई नाही. आईच्या शेवटच्या दिवसांत तिने आमच्या घरी येऊन सगळं केलं, आणि मी उरणहून आलो की माझ्या पिशवीत मूठभर सुक्या कोलंबीचे सोडे कोंबल्याशिवाय मला जाऊ देत नाही. म्हणूनच मला तिचं खरं वाटलं. ताईचे फोन का कमी झाले होते ते आता मला समजलं, असं मला वाटलं. ती लाजत होती. सांगू शकत नव्हती. मग तिने सांगायची वाट कशाला बघायची, आपणच शहाणपणा करावा.

इथे मी एक फोन करायला हवा होता. करंज्यापलीकडे ताई होती, खिशात मोबाइल होता, आणि "ताई, मी साडी नेसून येऊ का?" एवढंच विचारायचं होतं. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर ती नको म्हणाली असती, आणि ते नको खरं की मन राखण्यापुरतं हे मला कळलं नसतं, असा मी हिशेब केला. फार त्याग केल्याचं समाधानही होतं त्यात, खोटं कशाला बोलू. पंधरा दिवस मी त्या समाधानावर काढले.

साडी घरमालकीण काकूंची. जांभळ्या रंगाची, बारीक बुट्ट्यांची. लग्नाच्या दिवशी पहाटे त्यांनी मला समोर उभं केलं, त्यांचा ब्लाउज मला मोठा होत होता तो चार ठिकाणी पिना मारून आवळला, निऱ्या घातल्या आणि पदर खांद्यावर टाचला. "इतकी वर्षं काय ते मुलांचे कपडे घालून फिरतेस, बघ कशी दिसतेस," म्हणाल्या आणि कानामागे काजळाचं बोट लावलं. आरशात एक बाई उभी होती. बरी दिसत होती. मला तिच्याबद्दल काही वाटलं नाही. एखाद्या लग्नात समोर बसलेल्या पाहुणीबद्दल वाटेल तेवढंच.

बॅगेत मी एकही शर्ट घेतला नाही. ऐन वेळी मोह नको.

लाँचवर तिकीट देणारा माणूस मला दोन वर्षं ओळखत होता. दर शनिवारी "काय भाऊ, गावाला?" म्हणायचा. मी त्याला कधी दुरुस्त केलं नव्हतं, कारण दुरुस्त करून काय म्हणायला सांगायचं हेच मला ठरवता आलं नव्हतं. त्या दिवशी त्याने माझ्याकडे बघितलंच नाही. चढताना हात पुढे करून म्हणाला, "ताई, निऱ्या सांभाळून, फळी ओली हाय." मी हात धरला आणि सांभाळून चढलो. खाडी ओलांडेपर्यंत मी पदर दोन्ही हातांनी धरून उभा होतो, वारा होता.

हॉलच्या दाराशी बाबा होते. त्यांनी आधी मला ओळखलं नाही, मग ओळखलं, आणि त्यांचे डोळे भरून आले. "बरं केलंस बाळा," ते म्हणाले, "आज तुझी आई असायला हवी होती." बाबांनी मला इतक्या मायेने हाक मारल्याला वर्षं झाली होती. मावशी धावत आली, माझ्या आखूड केसांत कसाबसा गजरा खोचला आणि माझ्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली.

नवरीच्या खोलीत ताई पिवळ्या अष्टपुत्रीत बसली होती, कपाळाला मुंडावळ्या. दार उघडलं तेव्हा तिने मान वर केली. तिच्या तोंडावर आधी मोठं हसू आलं, दुसऱ्या कुणासाठी तरी ठेवलेलं, आणि मग ते तिथेच थांबलं.

"हे काय?" ती म्हणाली.

"तुझ्यासाठी," मी म्हणालो.

ती बघत राहिली. पायापासून गजऱ्यापर्यंत आणि परत पायापर्यंत. मग तिने डोळ्यांवर हात नेला, पण मेकअप मोडेल म्हणून तो मध्येच थांबवला आणि हात तसाच तोंडासमोर धरून बसली.

"कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही. मीच ठरवलं."

"मला का नाही विचारलंस?"

मी पदर सारखा केला.

"तीन आठवडे भांडतेय मी त्यांच्याशी," ताई म्हणाली. शाळेत बसलेला तोच आवाज. "सासऱ्यांशी, त्या आत्यांशी, ह्यांच्याशीसुद्धा. म्हटलं, माझं एकच भावंड आहे. ते त्याच्या कपड्यांत येईल आणि कान तेच पिळेल, नसेल चालत तर मला हे लग्न नको. असं म्हटलं मी. लग्न नको. काल सासरे हो म्हणाले. काल संध्याकाळी." तिने माझ्या बॅगेकडे बघितलं. "शर्ट आणलायस?"

"नाही."

"एकही नाही?"

"नाही."

तेवढ्यात नवऱ्याकडची आत्या ओटीचं सामान घेऊन आत आली, मागे चार बायका. तिने मला बघितलं आणि ती दारातच उभी राहिली. "अगं बाई, हीच का ती बहीण?" ती म्हणाली. "एवढी गोड तर आहे. आणि तू आम्हाला काय काय सांगून घाबरवलंस गं." मग ताईकडे बघून हसली. मागच्या चौघी हसल्या. मावशी माझ्यामागे उभी होती, तीही हसली, सुटल्यासारखी.

आणि ताईही हसली. काय करणार होती. नवरीला सगळ्यांसमोर हसावंच लागतं. पण तीन आठवडे जी माणसं तिला हट्टी, चढेल म्हणत असतील, त्यांच्यासमोर ती आता खोटारडीही ठरली होती, आणि ठरवलं होतं मी. तिच्या एकटीच्या बाजूला एकच माणूस उभं राहायला हवं होतं, आणि ते माणूस साडी नेसून पलीकडच्यांत जाऊन उभं राहिलं. ते हसू मला अजून दिसतं. त्याबद्दल ती मला कधी काही बोललेली नाही.

पुढचं सगळं रीतीप्रमाणे झालं. मंगलाष्टकांच्या वेळी करवली म्हणून कऱ्हा आणि दिवा घेऊन मी तिच्या मागे उभा राहिलो. लाजाहोमाला चुलतभाऊ पुढे झाला, तोच ज्याचा शर्ट मला एका गणपतीत मिळाला होता. त्याने लाह्या घातल्या आणि कान पिळला. भावोजींनी मान वाकवली, खोटं खोटं "आई गं" केलं, आणि वाकलेल्या मानेनेच एकदा माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, ते मला चिडवतायत. मी नजर फिरवली. चुलतभावाला शर्टपीस-पँटपीस मिळाला, मला करवलीची साडी. ती मी परत आल्यावर काकूंना देऊन टाकली.

त्यानंतर ताईचे फोन येत राहिले. कसा आहेस, बरी आहे, जेवलास का, पालीला पाऊस खूप. भांडणं झाली असती तर बरं झालं असतं, असं मला तेव्हा वाटायचं. आमच्यात भांडायला जागाच उरली नव्हती. कानांचा विषय ती काढत नव्हती आणि मला काढायचं तोंड नव्हतं. मी दोनदा "माझं चुकलं" म्हणालो. दोन्ही वेळा ती म्हणाली, "जाऊ दे रे, झालं ते झालं." आपल्याकडे माणूस कायमचं दूर गेलं की असंच बोलतं, गोड.

बाळंतपणाला ती माहेरी आली. मुलगा झाला. बारशाला मी गेलो, या वेळी माझ्या कपड्यांत: फिका निळा शर्ट, पँट, आईच्या कुड्या. तिकीट देणारा म्हणाला, "काय भाऊ, लय दिसांनी." घरी पाळण्याला फुलं बांधली होती. बायका पाळण्याखालून वरून बाळ देत-घेत होत्या, बाळाच्या आत्याने कानात नाव सांगितलं. बाळाच्या डोक्याला कुंची होती, आणि कुंचीच्या कडेला आईच्या साडीचा काठ लावलेला होता. मोरपंखी, बारीक रुईफुलांचा. मी तो लगेच ओळखला. ताईने आईची साडी बाळासाठी कापली हे बघून मला बरं वाटलं, आणि मी दिवसभर त्या कुंचीकडे बघत राहिलो. मावशीने बाळ माझ्या मांडीवर दिलं आणि त्याला सांगितलं, "ही बग तुजी मावशी." बाळ झोपलेलं होतं. ताई पाळण्याची फुलं सारखी करत राहिली.

जेवणं झाल्यावर भावोजी माझ्याशेजारी पडवीत येऊन बसले. माणूस साधा आहे, फार बोलत नाही. सुपारी कातरता कातरता म्हणाले, "कुर्ता बसला का तुला? कधी घातलेला दिसला नाही."

मला कळेना. "कुठला?"

"कानपिळीचा. हिने दिला नाही? पोशाख आमच्याकडून असतो ना. ही म्हणाली, शर्टपीस नको आणि साडी तर मुळीच नको. तुझा एक जुना शर्ट मापाला दिला होता हिने. अलिबागच्या शिंप्याकडे मी दोनदा गेलो. पांढरा सुती, लांब, आणि बाह्यांना आणि खिशाला तुमच्या आईंच्या साडीचा काठ. मी म्हटलं असा कोणी शिवतं का, तर म्हणाली, तुम्ही गप्प बसा, हा सणाचा आहे." ते हसले. "मी तर त्या दिवशी वाट बघत होतो, कान घासून आलो होतो."

"बसला," मी म्हणालो. "व्यवस्थित बसला."

त्यांना मी दुसरं काय सांगणार होतो? लाजाहोमाला वाकलेल्या मानेने ते माझ्याकडे का बघत होते ते मला तिथे, पडवीत, दीड वर्षाने कळलं.

ताई मागच्या अंगणात होती. दोन सुपारीच्या झाडांना बांधलेल्या दोरीवर बाळाची दुपटी वाळत घालत होती. बाळंतिणीने ओल्यात हात घालायचा नसतो, पण ती कुणाचं ऐकते. मी तिच्याजवळ जाऊन उभा राहिलो.

"लग्नात कुर्ता होता," मी म्हणालो.

तिने एक दुपटं झटकलं. "ह्यांनी सांगितलं?"

"तुझ्याजवळ होता? त्या खोलीत?"

"तुझ्या मागे जी बॅग होती, तिच्यात वरच होता."

"मग काढला का नाहीस? मी बदलला असता. दोन मिनिटं लागली असती."

"काढणार होते," ताई म्हणाली. "शर्ट आणलास का विचारलं ते त्याच्यासाठीच. मग त्या आल्या. आणि तू म्हणाला होतास, तुझ्यासाठी. इतका नटून आला होतास माझ्यासाठी. त्यांच्यासमोर तुझं ते सोडून हे घाल कसं म्हणू? मला वाटलं, मी तुला सारखी ओढतेय आणि तू दमलास."

मला रडू येत होतं आणि मी ते आवरत नव्हतो. विचारलं, "कुठे आहे तो आता?"

तिने दोरीकडे बघितलं. मी बघितलं. चार पांढरी चौकोनी दुपटी होती, आणि एक लांबट तुकडा, ज्याच्या एका टोकाला एक बटण तसंच राहिलं होतं.

"सातव्या महिन्यापासून मला माझं काही होईना," ती म्हणाली. "तुझं माप सैल. मग तोच घालायचे, रोज. सासूबाई म्हणायच्या, काय तो बुवांसारखा झगा घालतेस. धुऊन धुऊन इतका मऊ झाला की बाळाला दुसरा कपडा नकोच वाटला. दुपट्याला नवं कापड चालत नाही, टोचतं. काठही टोचला असता म्हणून उसवला, कुंचीला लावला."

म्हणजे सकाळपासून मी माझ्याच बाहीचा काठ बघत होतो.

आम्ही दोघं उभे राहिलो. आतून बायकांचे आवाज येत होते, कुणीतरी ताईला हाक मारली आणि ती "आले" म्हणाली, पण गेली नाही. मी त्या लांबट तुकड्याला हात लावला. खरंच फार मऊ होता.

"यातलं एक मला देशील?" मी विचारलं.

"ओली आहेत," ताई म्हणाली.

मला ते नाही असं ऐकू आलं. तिने मला का द्यावं, दिलेलं मी कुठे घेतलं होतं. तिला अवघड व्हायला नको म्हणून मी घड्याळ बघितलं आणि म्हणालो, "राहू दे मग. लाँच चुकेल माझी." ती माझ्याकडे बघत होती. "बरं," म्हणाली. मी बाबांच्या पाया पडलो, बाळाच्या तळपायाला हात लावला, मावशीने पिशवीत सोडे कोंबले, आणि मी निघालो.

रेवसला लाँच यायला वेळ होता. मी धक्क्यावर बसलो होतो तेव्हा माझ्या लक्षात आलं, की ताई देत नाही म्हणाली नव्हती. ओली आहेत, एवढंच म्हणाली होती. आणि थांबू का, असं मी तिला विचारलं नव्हतं. ऊन होतं, वारा होता. अर्ध्या तासात सुकली असती.